अब्बांची वाटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मधुमेहींसाठी गोड पदार्थ या विषयावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण गेली काही वर्षं मला मधुमेह आहे आणि आमच्या घरातला ईदचा शीरखुर्मा आता मी करतो. या दोन गोष्टींच्या बळावर चार शब्द बोलायचं धाडस करतो आहे.

सुरुवात मात्र जुन्या गोष्टीपासून करावी लागेल. २००४ सालच्या नोव्हेंबरात दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. मिरजेजवळच्या आमच्या गावात त्या आठवड्यात नुसती ताटांची ये-जा चालली होती. शेजारच्या नानांकडून फराळाचं ताट आलं. रिकामं ताट परत पाठवायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम. त्यामुळे ईदच्या दिवशी नाना स्वतःच शीरखुर्मा खायला आले होते.

माझे वडील शिंपीकाम करत. आम्ही त्यांना अब्बा म्हणत असू. त्यांना मधुमेह होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. आदल्या वर्षी उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. त्यामुळे आम्ही सगळी भावंडं त्यांच्या खाण्यावर पोलिसांसारखी नजर ठेवून असायचो. त्या दिवशी अम्मानं वाट्या भरून आणल्या. सगळ्यांबरोबर अब्बांनीही एक वाटी उचलली. आणि मी, त्यांचा थोरला मुलगा, चारचौघांत ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुम्हाला नाही," एवढंच म्हणालो.

अब्बा रागावले नाहीत. "ईद है ना आज, बेटा," इतकंच हळू आवाजात म्हणाले आणि उठून दुकानात जाऊन बसले. नानांनी आपली अर्धी वाटी तशीच खाली ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात अब्बा गेले. मूत्रपिंडांनी साथ सोडली होती. महिन्याभरानं दुकान आवरताना शिलाई मशीनच्या खणाकडे जाणारी मुंग्यांची रांग दिसली. खण उघडला. आत बॉबिन होत्या, खडूचा तुकडा होता, आणि वर्तमानपत्राच्या पुडीत गुळाचा एक खडा होता. त्याचा एक कोपरा झिजलेला होता.

कुणीतरी त्यांना सांगितलं असणार की साखर वाईट, पण गूळ चालतो. हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं, म्हणून पहिल्यांदा तेच खोडून काढतो. गूळ ही ऊसाचीच साखर आहे. त्यात थोडे क्षार असतात, रंग असतो, वास असतो. पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. मधाचंही तेच. मधात पाचातले चार भाग साखरच असते. खजुराला आमच्याकडे मोठा मान आहे, रोजा त्यानंच सोडतात. पण वाळलेल्या खारकेतही साधारण तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांचाच असतो. पवित्र वस्तू असली तरी हिशेबातून सूट मिळत नाही.

हा हिशेब मला उशिरा कळला. २०१७ साली माझ्या रक्ताचा अहवाल आला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिचा आकडा साडेआठ होता. डॉक्टरबाईंना मी म्हणालो, "म्हणजे आता गोड बंद." त्या म्हणाल्या, "बंद असं मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही चोरून खाल. त्यापेक्षा हिशेब शिका." मला त्या क्षणी मशीनचा खण आठवला.

आपण एकटे नाही, हेही तेव्हा समजत गेलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे सणाच्या दिवशी ज्याच्यापुढे वाटी ठेवायची की नाही, असा प्रश्न पडतो, असा एकतरी माणूस बहुतेक गोतावळ्यांत आहे.

हिशेब कसा, तो सांगतो. आमच्या घरच्या नेहमीच्या शीरखुर्म्याला एक लिटर दूध, १०० ग्रॅम शेवया, २०० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम खारीक-मनुका लागत. दुधातली साखर साधारण ५० ग्रॅम, शेवयांतली कर्बोदकं ७५, साखर २०० आणि सुक्या फळांची ३५ ते ४०. सगळी मिळून ३६० ग्रॅमच्या आसपास. दहा वाट्या झाल्या तर एका वाटीत ३६ ग्रॅम. म्हणजे गव्हाचे दोन फुलके. बिर्याणी खाल्ल्यावर वर आणखी दोन फुलके कुणी खात नाही, पण दोन वाट्या शीरखुर्मा मात्र सहज पोटात जातो.

या हिशेबात माझ्या लक्षात आलं की नुसती साखर काढून भागत नाही. शेवया आहेत, खारीक आहे, दूधही आहे. बाजारात 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या मिठाईत साखर नसते, पण मैदा असतो, खवा असतो. मैदा पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. खवा म्हणजे आटवलेलं दूध. दूध आटवलं की पाणी उडून जातं, दुधातली साखर पातेल्यातच राहते. म्हणून बासुंदीत वरून साखर घातली नाही तरी ती गोडच लागते. पाकिटावर पुढच्या बाजूला काय लिहिलं आहे यापेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे, ते वाचायची सवय लावून घ्या.

माझा पहिला प्रयोग फसला, तोही सांगून टाकतो. स्टेव्हिया नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेली गोड पूड आणली आणि साखरेच्या अंदाजानं खिरीत दोन चमचे टाकली. ही पूड शुद्ध असेल तर साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असते, हे मला कुठं माहीत! खीर इतकी कडवट झाली की बायको म्हणाली, "अहो, ही खीर आहे की काढा?" ते पातेलं आम्ही दोघांनी गुपचूप मोरीत ओतलं.

मग थोडा अभ्यास केला. अभ्यासात एक गोष्ट कळली, ती मला फार मोलाची वाटते. गोड पदार्थात साखर दोन प्रकारची कामं करते. काही ठिकाणी ती नुसता गोडवा देते. काही ठिकाणी ती पदार्थाला उभं करते. जिलबी, पाकातले लाडू, चिक्की, वड्या यांत साखर म्हणजे घराची भिंत आहे. ती काढली तर घरच पडतं. खीर, श्रीखंड, हलवा, पुडिंग यांत ती भिंतीवरचा रंग आहे. तो बदलता येतो. मधुमेह्यासाठी जिलबी करायच्या भानगडीत पडू नये. जिथं साखर नुसती चवीपुरती आहे, तेच पदार्थ निवडावेत. नवखा कवी विशेषणांवर कविता उभी करतो, तेव्हा विशेषणं काढली की काही उरत नाही. चांगल्या कवितेतून ती काढली तरी कविता राहते. तसंच हे आहे.

आता पदार्थांकडे वळू. पहिला मान शीरखुर्म्याचा.

अर्धा लिटर गाईचं दूध घ्या. ५० ग्रॅम बदाम रात्रभर भिजवून, सोलून, चमचाभर भिजवलेल्या खसखशीबरोबर अगदी गंधासारखे वाटा आणि त्यात अर्धा लिटर पाणी मिसळा. हे झालं बदामाचं दूध. शेवयांच्या जागी सुक्या खोबऱ्याचे लांब, केसासारखे बारीक काप घ्या, साधारण ४० ग्रॅम. चमचाभर तुपात ते मंद आचेवर बदामी रंगावर परता. क्षणभर नजर हटली तर जळतात, म्हणून फोन बाजूला ठेवा. पिस्ते आणि चारोळी मिळून ३० ग्रॅम घ्या. खारका दोनच. त्या रात्री भिजवायच्या आणि सकाळी किसायच्या. तुकडे केले तर एखाद्याच्याच वाटीत जातात. किसल्या तर दोन खारका दहा वाट्यांना पुरतात. दोन्ही दुधं एकत्र करून उकळी आणा, खोबरं, सुका मेवा, खारीक घालून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. शेवटी वेलची, केशर आणि खाली उतरवल्यावर गोडीची पूड. एका वाटीत साधारण सहा-सात ग्रॅम कर्बोदकं येतात. कुठे ३६ आणि कुठे सात!

दुसरा पदार्थ श्रीखंड. याच्याइतका सोपा गोड पदार्थ दुसरा नाही. एक लिटर दुधाचं ताजं, आंबट नसलेलं दही सुती फडक्यात बांधून रात्रभर टांगा. उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवा, म्हणजे आंबणार नाही. जे पाणी गळतं त्याबरोबर दह्यातली काही साखरही निघून जाते, हा आपला फायदा. नेहमीच्या श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीनं साखर घालतात. आपण गोडीची पूड मिक्सरमधून अगदी बारीक करून घालायची, नाहीतर दाताखाली कचकच येते. केशर दोन चमचे कोमट दुधात भिजवून घाला, वेलची घाला, आणि चिमूटभर जायफळ विसरू नका. जायफळ नसलेलं श्रीखंड म्हणजे यमक चुकलेली ओवी. अर्धी वाटी श्रीखंडात चार-पाच ग्रॅम कर्बोदकं. पुरी मात्र यात धरलेली नाही.

तिसरा दुधी हलवा. दुधी ही गरिबाघरची भाजी, पण मधुमेह्याची ती मोठी सखी आहे. गाजरापेक्षा दुधीत कर्बोदकं निम्म्याहून कमी. अर्धा किलो कोवळा दुधी सोला आणि किसण्याआधी एक छोटा तुकडा चाखून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. कडू दुधी विषारी असू शकतो. चांगला असेल तर किसा, मोठा चमचाभर तुपात परता, झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजू द्या. पाणी आटलं की खव्याऐवजी १०० ग्रॅम पनीर कुस्करून घाला आणि दोन-तीन चमचे दूध. पाच मिनिटं परता, उतरवा, वेलची आणि गोडीची पूड मिसळा. पनीर करताना दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर निघून गेलेली असते, म्हणून ते खव्यापेक्षा बरं.

चौथा पदार्थ रमजानात आमच्या घरांतून हमखास होणारा, चायना ग्रासचं पुडिंग. चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेले पांढरे धागे. ते मुख्यतः न पचणाऱ्या तंतूंचे असतात, त्यामुळे त्यांची साखर होण्याची भीती जवळजवळ नाही. दहा ग्रॅम धागे वीस मिनिटं पाण्यात भिजवा, मग कपभर पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा. दुसरीकडे अर्धा लिटर दूध गरम करा, दोन्ही गरम असतानाच गाळून एकत्र करा, गोडी आणि थेंबभर गुलाबाचा अर्क घाला, वर पिस्त्याचे काप पसरा. हे फ्रिजशिवायही घट्ट होतं. रोज्यानंतर थंडगार वडी जिभेवर ठेवली की दिवसभराचा शीण उतरतो.

आता ही गोडीची पूड कोणती? स्टेव्हियाचं कडवटपण मी भोगलं आहे. ती चिमटीनं वापरायची आणि वेलची-केशराच्या सोबतीनं वापरायची. एरिथ्रिटॉल साखरेसारखं दाणेदार असतं, साखरेच्या पाऊणपटीहून थोडं कमी गोड. त्यानं जिभेला किंचित थंडावा जाणवतो. सुक्रालोज साखरेच्या जवळपास सहाशे पट गोड असतं आणि त्याच्या शोधात आपल्या मराठी नावाचा एक माणूस आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याबरोबर काम करत होते. एका नव्या पदार्थाची 'टेस्ट' करा, म्हणजे तपासणी करा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं ते चव घ्या असं, आणि चक्क चव घेतली, असा किस्सा सांगतात. मराठीत आपण दोन्ही शब्द 'टेस्ट' असेच लिहितो, त्यामुळे मला तरी त्यांची चूक अगदी आपली वाटते.

या पुडींबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. चमच्यानं मोजता यावी म्हणून काही पुडींत माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असतं, ते कर्बोदकच आहे. आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांवर विसंबू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही, असंही तिथंच म्हटलं आहे. तरीही मी त्यातून माझ्यापुरता अर्थ असा घेतला, की पूड म्हणजे परवाना नव्हे. दर महिन्याला मी ती थोडी कमी करत गेलो. जीभ ऐकते हो. सहा महिन्यांत मला दुधाचा स्वतःचा गोडवा कळायला लागला, जो पन्नाशीपर्यंत साखरेच्या आवाजात कधी ऐकूच आला नव्हता.

आणखी काही गोष्टी डॉक्टरबाईंनी बजावून सांगितल्या आहेत, त्या तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बदाम, खोबरं, तूप यांत कर्बोदकं कमी असली तरी उष्मांक भरपूर असतात. म्हणून वाटी लहान ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पनीर आणि सुका मेवा डॉक्टरांना विचारूनच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि जेवणातली कर्बोदकं बरीच कमी करणार असाल, तर औषधाची मात्रा बदलावी लागते का, तेही विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं: घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, साखर उतरली आहे असं वाटलं, तर त्या वेळी ही गोडीची पूड काहीही कामाची नाही. तेव्हा खरी साखरच हवी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच घ्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. मी खिशात नेहमी साखरेची छोटी पुडी ठेवतो. अब्बांच्या खणात पुडी होती, माझ्या खिशात आहे. फरक एवढाच की माझी घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि नवीन पदार्थ खाल्ला की माझं शरीर त्याला काय म्हणतं, ते यंत्रानं तपासतो. खाण्याआधी एकदा, दोन तासांनी एकदा. दोन आकडे वहीत लिहितो. कवितेच्या वहीच्या मागच्या पानांवर. कुणी समीक्षकानं ती वही पुढंमागं पाहिली, तर त्याला हे नवकाव्य वाटेल.

श्रोतेहो, पाककृती कुठंही मिळतात. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे की आजारी माणसाची वाटी वेगळी करू नका. पहिल्या वर्षी आमच्या घरी दोन पातेली होती. मोठं सगळ्यांचं, छोटं माझं. सगळे मोठ्या पातेल्याभोवती बसायचे आणि माझ्या वाटीकडे दयेनं बघायचे. तेव्हा मला अब्बांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते थोडं कळलं. शीरखुर्म्याचं त्यांना एवढं काय होतं? त्या दिवशी सगळ्यांच्या हातात जे होतं, ते आपल्या हातात नाही, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. आणि पंगतीतून उठवलेला माणूस मग खणात गूळ ठेवतो.

दुसऱ्या वर्षीपासून एकच पातेलं. कुणाला सांगितलं नाही. पुतणी म्हणाली, "यंदा शेवया फार मस्त झाल्यात." मी म्हटलं, "खोबरं आहे ते!" हसण्यातच पातेलं रिकामं झालं.

गेल्या ईदला नाना आले होते. आता ऐंशीच्या पुढं गेले आहेत आणि त्यांनाही मधुमेह आहे. काठी टेकत आले, अब्बांच्या जुन्या खुर्चीवर बसले. वाट्या आल्या तशी त्यांच्या सुनेनं घाईनं हात पुढं केला, "मामंजी, तुम्हाला नाही हं." मी म्हटलं, "वहिनी, त्यांनाही आहे." आणि वाटी त्यांच्या हातात दिली. किती ग्रॅम आहे तेही तिला सांगितलं.

नानांनी शांतपणे वाटी संपवली. तळाशी राहिलेलं खोबरं चमच्यानं गोळा केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तेव्हाची माझी अर्धी राहिली होती रे."

इतक्या वर्षांनी त्यांना ते आठवत होतं. मला काही बोलता आलं नाही. मी आत जाऊन उगाचच पातेलं ढवळत राहिलो.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. आज रात्री दही फडक्यात बांधून टांगा. सकाळपर्यंत चक्का तयार होईल. श्रीखंड करा, एकाच भांड्यात करा, आणि पहिली वाटी त्यांच्यापुढं ठेवा.